पडदा घेण्याआधी भिंत पाहा

आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक पूर्वी विचारायचे, "चाचा, टिकाऊ काय आहे?" आता विचारते, "चाचा, मॅचिंग काय आहे?" हा बदल वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. माणसाला आपले घर नीटनेटके दिसावे असे वाटू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मॅचिंग कशाशी, असे आम्ही उलट विचारले की बहुतेक लोक गप्प होतात. भिंतीचा रंग कोणता? "साधाच आहे." फरशी कोणती? "आहे, फरशी आहे." खिडकी उगवतीला की मावळतीला? याला तर उत्तरच नाही. मग मोबाइलमधला एक फोटो पुढे येतो. त्यातील दिवाणखाना एवढा मोठा असतो की तेलगावातील तीन घरे त्यात सहज मावतील. "अगदी असेच पाहिजे," असे म्हणून मंडळी गादीवर बसतात.

घरातील रंगसंगती हा श्रीमंतांचा शौक आहे, असा एक समज लोकांत आणि आमच्या व्यापारातही रुजलेला आहे. आमचे मत नेमके उलट आहे. श्रीमंताचा पडदा चुकला तर सहा महिन्यांत तो दुसरा लावतो. गरिबाचा पडदा चुकला तर दहा वर्षे तो त्याच्या डोळ्यांपुढे लटकत राहतो. म्हणून ज्याच्या हातात पैसा कमी, त्यानेच रंगाचा विचार जास्त करावा. आणि हा विचार गिऱ्हाइकाला करू न देण्यात आम्हा कापड व्यापाऱ्यांचा हात मोठा आहे, हेही येथे कबूल केले पाहिजे.

तेलगाव हे धारूर तालुक्यातील चौरस्त्याचे गाव. परळीहून बीडला जाणारा आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा, असे दोन रस्ते येथे एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना येथेच आहे. त्यामुळे आमचे गिऱ्हाईक तीन तऱ्हेचे. एक पगारदार, दुसरा ऊस-कापसाचा शेतकरी आणि तिसरा ऊसतोड मजूर. हा तिसरा दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात तोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. त्याचे घर पाच-सहा महिने बंद असते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली आणि घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले गेले. एवढ्या जागेत बैठकीची खोली वेगळी, निजण्याची वेगळी, मुलांची वेगळी असा प्रकार नसतो. ज्या खोलीत पाहुणा बसतो, तिथेच रात्री अंथरूण पडते आणि सकाळी मुलगा तिथेच पुस्तक उघडतो. कॅटलॉगवाले मात्र 'बेडरूमसाठी निळा, ड्रॉइंगरूमसाठी सोनेरी, मुलांच्या खोलीसाठी पिवळा' असे छापून पाठवतात. ते वाचून लोक एकाच खोलीच्या चार भिंतींना तीन रंग देतात, पडदा चौथ्या रंगाचा लावतात आणि वर फुलाफुलांची चादर अंथरतात. मग घरात शिरताच डोळ्याला टोचते, आणि का टोचते ते कोणाला कळत नाही.

जुन्या घरांत हा घोळ होत नसे. त्याचे कारण लोकांना रंगाची जाण जास्त होती हे नव्हे, तर निवड कमी होती. आमच्या मराठवाड्यात धाब्याची, माळवदाची घरे. भिंत मातीची, तिला पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात, खाली गेरूचा पट्टा. चुना हा मोठा कडक पदार्थ आहे. त्यात प्रत्येक रंग टिकत नाही. गेरू टिकतो, पिवडी टिकते, नीळ टिकते. बाकीचे बरेचसे रंग तो खाऊन टाकतो. म्हणजे भिंतीसाठी पांढरा, फिका पिवळा, फिका निळा आणि विटकरी एवढेच रंग उरत, आणि हे चारही एकमेकांशी भांडत नाहीत. अंथरायला घोंगडी काळी-तपकिरी, सतरंजी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, आणि गोधडी तर घरातल्याच जुन्या कपड्यांची. रंगसंगती आपोआप जुळून येई. कापडाचे रंगही १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढेपर्यंत मुख्यतः झाडापाल्यातून आणि किड्यांपासूनच येत होते. नीळ, मंजिष्ठा, हळद, पळसाची फुले. त्यांतला कोणताही रंग भडक म्हणावा असा नसे.

१९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर दगडमातीच्या घरांची लोकांनी धास्तीच घेतली. ज्याला जमेल त्याने पत्रे घातले, ज्याला आणखी जमेल त्याने स्लॅब ओतला. सिमेंटच्या भिंतीवर डिस्टेंपर आला, ऑइलपेंट आला, आणि आता तर रंगाच्या दुकानात यंत्र बसले आहे. कार्डावर बोट ठेवा, तो रंग पाच मिनिटांत डब्यात. चार रंगांतून निवडणारा माणूस एकदम हजार-दीड हजार छटांपुढे येऊन उभा राहिला. त्याला शिकवले कोणी? कोणीच नाही. रंगवाला रंग विकतो, फर्निचरवाला सोफा विकतो, आम्ही पडदे विकतो. तिघेही एकमेकांकडे पाहत नाहीत.

रंगांच्या नावांविषयी येथे थोडे बोलायचा मोह होतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले; मराठी आम्ही बरीचशी गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो. दुकानात बसल्यावर पहिल्यांदा ध्यानात आले की रंग सांगताना सगळे एकच भाषा बोलतात. बदामी, गुलाबी, आसमानी, फिरोजी, खाकी, सुरमई ही नावे फारसीकडून आलेली. खाक म्हणजे धूळ, म्हणून धुळीच्या रंगाचा तो खाकी. मोरपंखी, पोपटी, अबोली, डाळिंबी, विटकरी, आमसुली ही नावे या मातीतली. पडदा, चादर, गालिचा, तक्क्या, जाजम हे शब्दही तिकडचेच. ज्या वस्तू घरात मऊ, त्या बहुतेकांची नावे फारसीतून मराठीत आली आणि घरचीच होऊन गेली. हल्ली गिऱ्हाईक 'पीच' आणि 'टील' मागते. आम्ही अबोली आणि मोरपंखी काढून दाखवतो. पसंत पडते.

कोणी म्हणतात, हिरवा अमक्यांचा आणि भगवा तमक्यांचा. आमचा गल्ला असे सांगत नाही. हिरव्या पडद्याचा तागा कोणत्या गल्लीत जास्त गेला आणि केशरी चादरी कोणत्या गल्लीत, हे वहीवरून ओळखून दाखवा म्हटले तर आम्हालाही जमणार नाही.

असो. आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या एका वाडीवरचे मुकादम मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आले. संध्याकाळची वेळ, दुकानात ट्यूबलाइट. आम्ही बाहेरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून नुकताच आलेला सेट दाखवला: चार पडदे, दोन चादरी, उशांचे अभ्रे, सगळे गडद डाळिंबी, वर सोनेरी छपाई. ट्यूबखाली ते असे उठून दिसत होते की मुलीच्या आईने दुसऱ्या कापडाला हातच लावला नाही. निम्मे पैसे रोख, निम्मे पुढच्या तोडीची उचल आल्यावर. पहिल्याच धुण्याला डाळिंबी रंग सुटला. चादरीबरोबर बादलीत नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा होता, सासूची फिकी साडी होती. पडद्यांनी पावसाळ्यात ओल धरली आणि नव्या चुन्याच्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरले. सासरी त्या मुलीला काय ऐकून घ्यावे लागले असेल, ते आम्ही येथे लिहीत नाही. मुकादम आले, ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, कापड तुम्ही रोज बघता. आम्ही वर्षातून एकदा बघतो."

आम्ही माल परत घेतला, बाकीची उधारी सोडली. ठोक व्यापाऱ्याने हात वर केले. तो तोटा आम्ही केव्हाच विसरलो. मुकादमांचे ते वाक्य मात्र विसरता आले नाही. त्यांनी जे बोलून दाखवले नाही, ते असे होते की रंग पक्का आहे की कच्चा हे पाहणे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते.

ते पाहणे अवघडही नाही. पांढरा रुमाल ओला करून पिळावा आणि कापडाच्या कोपऱ्यावर दहा-वीस वेळा दाबून घासावा. रुमालाला रंग लागला तर तो पुढे बादलीतही सुटणार. दुसरे, कापड हातात घेऊन दुकानाबाहेर उजेडात न्यावे. ट्यूबखाली, पिवळ्या दिव्याखाली आणि उन्हात एकाच कापडाचे तीन रंग दिसू शकतात; एवढेच नव्हे, दुकानात अगदी जुळलेली दोन कापडे घरी खिडकीपाशी वेगळी दिसतात. यात कोणाची लबाडी नसते. दोन्ही कापडे वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली असतात आणि प्रत्येक प्रकाशात ती वेगवेगळी वागतात. जो दुकानदार कापड बाहेर नेऊ देत नाही, त्याच्याकडे गडद रंग घेऊ नये. तिसरे, छापील कापड बोटांत चुरगाळून पाहावे. रंग वरवर थापल्यासारखा कडक लागत असेल तर तो धुण्यागणिक झडेल. सुती कापडात धाग्याच्या आतपर्यंत जाणारे पक्के रंग असतात. व्हॅट आणि रिअॅक्टिव्ह ही त्यांची दोन घराणी. पहिल्यातला निळा १९०१ साली जर्मनीत निघाला, दुसरे १९५६ साली इंग्लंडमधून बाजारात आले. किंमत थोडी जास्त पडते. व्यापाऱ्याला विचारावे, सूत आधी रंगवून विणलेले आहे की विणून मग छापलेले? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याने माल न पाहता आणला आहे, असे समजावे.

सूत आधी रंगवून विणण्याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सोलापूरची चादर. तिच्यावरची वेलबुट्टी छापलेली नसते, मागावर जकार्डने विणलेली असते. म्हणून एका बाजूला जिथे एक रंग दिसतो, तिथे उलट बाजूला दुसरा दिसतो. चादर एक आणि रंगसंगती दोन. या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आमच्याकडे तरुण मंडळी तिच्याकडे 'आजोबांची चादर' म्हणून पाहतात आणि मऊ, चकचकीत ब्लँकेट उचलतात. त्यांनी एकदा तिचे दोनच रंगांचे नमुने नीट पाहावेत. निळा-पांढरा घ्या, तपकिरी-बदामी घ्या. अशी एक चादर दिवाणावर टाकली की खोलीचे निम्मे काम झाले.

आता कोणी म्हणेल, हे कापसाच्या जिल्ह्यातले, सुताचेच गुणगान करणार. तसे नाही. पडद्याच्या बाबतीत सुरतेच्या पॉलिएस्टरला आम्ही नावे ठेवत नाही. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, रस्त्यालगतच्या घरात धुळीचा थर बसतो. तिथे पडदा महिन्यातून दोनदा धुवावा लागतो. सुती पडदा आटतो, चुरगळतो, वाळायला वेळ घेतो. पॉलिएस्टरचा तासाभरात वाळतो आणि रंगही बरा धरतो. फक्त चुलीपाशी, गॅसपाशी तो लावू नये. पेटला की वितळून अंगाला चिकटतो. आणि अंगाखाली, मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना, पॉलिएस्टरची चादर घेऊ नये. पडदा पॉलिएस्टरचा आणि अंथरूण सुती, असा आमचा सल्ला असतो. यात आमचा नफा कमी-जास्त काही होत नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगतो.

मूळ मुद्दा राहिला, निवड कोठून सुरू करावी. लोक सुरुवात पडद्यापासून करतात आणि शेवट भिंतीने. ही उलटी गंगा आहे. जी वस्तू बदलता येत नाही, तिथून सुरुवात करावी. घरात सर्वांत न बदलणारी वस्तू फरशी. शहाबादी असेल तर ती निळसर राखाडी. तिच्यावर विटकरी, बदामी, गडद निळा शोभतो, पण फिका गुलाबी मेल्यासारखा दिसतो. पांढरी चकचकीत टाइल असेल तर तिचा स्वतःचा रंग नसल्यासारखाच, तिथे मोकळीक जास्त. मात्र सगळेच पांढरे केले की दवाखाना वाटतो. फरशीनंतर दारे-चौकटी आणि लोखंडी कपाट, कारण तेही दहा-पंधरा वर्षे हलत नाही. त्यानंतर मोठे कापड, म्हणजे दिवाणावरची चादर किंवा सोफ्याचे कापड. ते नक्षीचे घ्यावे आणि त्या नक्षीत जे रंग असतील त्यांतलेच तीन उचलावेत. सर्वांत फिका भिंतीला, मधला पडद्याला, सर्वांत गडद उशीच्या अभ्र्याला. शहरातले सजावटकार साठ, तीस आणि दहा असे प्रमाण सांगतात, ते हेच. जास्त जागा फिक्या रंगाला, थोडी मधल्याला, चिमूटभर गडदाला. भाजीतल्या मिठासारखे आहे.

भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा ऑइलपेंटचा करावा आणि तो वरच्यापेक्षा दोन छटा गडद ठेवावा. मुलांचे हात तिथेच लागतात, पुसता येतो. गेरूच्या पट्ट्याचे काम तो करतो. आपल्या आज्या मूर्ख नव्हत्या.

खिडकीची दिशा विसरू नये. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड आणि सारखा असतो. तिथे पिवळसर, बदामी, अबोली रंग घराला ऊब देतात. मावळतीच्या खिडकीतून मात्र चार वाजता आग येते. तिथे गडद पडदा एकेरी लावला तर तो स्वतःच तापतो आणि दोन उन्हाळ्यांत विटतो. त्याला रस्त्याच्या बाजूने पांढरे अस्तर लावावे. अस्तराने ऊन परततेही आणि आतल्या कापडाचा रंगही वाचतो. आमच्या अनुभवात गुलाबी आणि लाल लवकर उडतात, खाकी आणि तपकिरी उशिरा. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर एक गोष्ट पाळावीच: निघण्याआधी पडदे काढून, धुऊन, लिंबाचा पाला घालून पेटीत ठेवावेत. बंद घरात पडदा एकाच घडीत लटकत राहतो, ऊन रोज त्याच चुणीवर पडते आणि परत आल्यावर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. मग ती मंडळी कापडाला दोष देतात.

मोजमापात तर फार फसगत होते. चार फुटी खिडकीला चार फूट पन्ह्याचे कापड पुरेल असे लोक समजतात. ते पुरते, पण चादर वाळत घातल्यासारखे दिसते. चुण्या पडायला दुप्पट कापड लागते, निदान दीडपट तरी. ४८ इंची पन्हा असेल तर दोन पाट. उंची सात फूट हवी असेल तर वरची घडी आणि खालची दुमड धरून आठ फूट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. दोन पाटांचे पाच मीटर. सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून आटवून घ्यावे. आणि अर्धा मीटर जास्तीचा त्याच ताग्यातून घेऊन ठेवावा, कारण पुढच्या वर्षी तोच नंबर मागवला तरी रंगाच्या दुसऱ्या घाण्याची छटा तंतोतंत जुळत नाही.

कापड घेऊन शिवून घ्यायचे की तयार सेट घ्यायचा? कपड्यावर आणि तयार मालावर १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे चादरी-पडद्यांसारख्या तयार नगावर २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर गेले की १८ टक्के कर आहे. मीटरने घेतलेल्या सुती किंवा पॉलिएस्टर कापडावर ५ टक्केच. समजा तीन हजारांचा एक भारी तयार नग घेतला तर कर ५४० रुपये. तीन हजारांचेच कापड घेतले तर १५०. फरकाचे ३९० रुपये गावातल्या शिवणाऱ्या बाईच्या हातात जातात, माप आपल्या खिडकीचे होते आणि उरलेल्या तुकड्यांतून दोन उशांचे अभ्रे निघतात. स्वस्त तयार मालाला हा हिशेब लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे तयारच परवडतो.

सगळ्यांत दुखरा मुद्दा लग्नाच्या सेटचा. कोणी जहेज म्हणते, कोणी आंदण, कोणी रुखवतात मांडते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही लग्नाच्या आठवड्यात बाप येतो आणि विचारतो, "लोकांत दिसेल असा सेट दाखवा." लोकांत दिसेल असा, म्हणजे मांडवात दिसेल असा. मुलगी ज्या घरी जाणार त्या घराची भिंत कोणी पाहिलेली नसते. तिथे खिडक्या किती, फरशी कसली, पलंग आहे की नाही, काही ठाऊक नसते. चार खिडक्यांचे पडदे जातात आणि घराला खिडकी एक. उरलेले तीन पेटीच्या तळाशी कुजतात. मुलीला रंग कोणता आवडतो हे विचारणे तर दूरच. ती सोबत असली तरी मागे उभी असते.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही अशा बापाला म्हणतो, "भाऊ, आत्ता एक सोलापुरी चादर आणि दोन अभ्रे न्या. पडदे राहू द्या. तीन महिन्यांनी लेक माहेरी येईल तेव्हा तिलाच घेऊन या. ती खिडकी मोजून आणेल, भिंतीचा रंग पाहून आलेली असेल." काही जण ऐकतात. एक जण चिडून म्हणाले, "तुम्हाला धंदा करायचा आहे का नाही?" आणि समोरच्या दुकानात गेले. तिथे त्यांना सेट मिळाला. आमचे व्यापारी बांधवही चेष्टा करतात की लग्नसराईत गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकान आम्ही पहिलेच पाहिले. लग्नसराईची विक्री त्यामुळे कमी झाली, हे खरे आहे. ज्या मुली नंतर आल्या त्यांनी कमी पैशांचे घेतले, पण बरोबर घेतले, आणि दोन-चार वर्षांनी मुलाच्या पाळण्याचे कापड घ्यायलाही त्याच आल्या. नफ्या-तोट्याचा ताळेबंद अजून पूर्ण जुळत नाही. आमचा धाकटा भाऊ दर मार्चअखेर तो आमच्यापुढे ठेवतो आणि काही बोलत नाही.

शोभेची हौस ज्याला आहे त्याने ती थोडक्यात भागवावी. आपल्या मराठवाड्याचे हिमरू आहे. सूत आणि रेशीम यांच्या मिलाफातून विणलेले हे कापड. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर ही कला इकडे आली असे सांगितले जाते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ते विणणारे हातमाग आता थोडेच उरले आहेत. हिमरूचे पडदे कोणाला परवडणार? पण एका लोडाचा अभ्रा, किंवा साध्या पडद्याला वर चार इंचांची पट्टी, एवढे परवडते. अख्खी खोली सोनेरी करण्यापेक्षा ती एक पट्टी जास्त शोभते. असली हिमरू ओळखण्यासाठी उलटी बाजू पाहावी; तिथे नक्षीचे मोकळे धागे दिसतात. छापील नक्कल उलटून पाहिली की कोरी निघते.

व्यापारी बांधवांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक ताग्याचा हातभर तुकडा कापून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला तो एका रात्रीसाठी घरी न्यायला द्यावा. भिंतीवर टाचणीने लावून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहा, म्हणावे. आम्ही हे करतो. पुष्कळ तुकडे परत येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या पाडव्याला बत्तीस दिले होते, अकरा आले. राहिलेल्यांतले दोन आम्हाला नंतर दिसले. एक पाण्याच्या माठावर झाकण म्हणून होता आणि एक शाळेत निघालेल्या एका मुलीच्या डब्याला गुंडाळलेला. दोन्ही घरांतून पडद्याची ऑर्डर मात्र अजून आलेली नाही.